वळचणीचं पाणी

घरातली हवा : लेखांक ६

कपाट सरकवायला तिघं लागलो. भाचा मधेमधे लुडबुडत होता, त्याला हॉलमध्ये पिटाळलं. कपाट भिंतीपासून हातभर पुढे आलं तेव्हा आधी वास आला, मग डाग दिसले. पावसाळाभर बंद ठेवलेली ट्रंक उघडल्यावर येतो तसला तो कुबट वास. डाग खालच्या कोपऱ्यातून वर चढलेले, हिरवट काळे, कडेला राखाडी. कपाटाच्या प्लायवूडची पाठही तशीच झालेली. हात लावला तर भुकटी बोटाला आली.

“दिवाळीत रंग दिलाय गं या भिंतीला,” बहीण म्हणाली. ओलीपेक्षा रंगाचा खर्च तिला जास्त लागला होता.

घर पालेगावातलं. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं पालेगाव आठवणाऱ्याला आता तिथे वाट सापडणार नाही. अंबरनाथ पूर्वेला, आनंदनगर एमआयडीसीच्या शेजारी, भाताच्या खाचरांवर एकामागून एक टॉवर उभे राहिले. डोंबिवली-ठाण्यात ज्यांना वन रूम किचन परवडेना ती कुटुंबं इथे दोन बेडरूमचं घर घेऊन आली. बहिणीचं कुटुंब त्यातलंच. पझेशन मिळून तीन वर्षं झाली, भाचा आता सहा वर्षांचा आहे. गेल्या पावसाळ्यापासून त्याला रात्रीचा खोकला लागला. पहाटे तीन-चारला उठून बसायचा, छातीतून बारीक शिट्टी वाजायची. आधी ‘इकडची हवा मानवली नाही’ झालं, मग ‘सर्दी छातीत उतरली’ झालं. दोनदा वाफ द्यावी लागली. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी छाती तपासली आणि औषध लिहिण्याआधी विचारलं, “घरात ओल आहे का? आणि हा झोपतो कुठे?”

कपाटाशेजारी. त्याच भिंतीला डोकं लावून.

मागच्या लेखांकात आपण डासांच्या कॉइलचं बोललो. धूर निदान दिसतो, डोळे चुरचुरतात, माणूस उठून खिडकी उघडतो. ओलीचं तसं नाही. घरातल्या माणसांच्या नाकाला तो वास दोन दिवसांत सवयीचा होतो आणि पाहुण्याला आला तरी पाहुणा बोलत नाही.

बुरशीचं शास्त्र मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, फक्त ते स्वयंपाकघरात आहे. लोणच्याच्या बरणीत कुणी ओला चमचा घातला की घरातली मोठी बाई ओरडते. फोडी कापल्यावर पुसून घ्यायच्या, बरणी उन्हात वाळवायची, वर तेलाचा तवंग राहील असं बघायचं. पापड-कुरडया सादळू नयेत म्हणून डबे घट्ट लावायचे. हे सगळं कशासाठी? बुरा येऊ नये म्हणून. बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतात हे आजीला माहीत नसेल, पण त्यांना फक्त पाण्याची वाट असते हे तिला पक्कं ठाऊक होतं.

भिंतीचं गणित याहून वेगळं नाही. बीजाणू तुमच्या घरात आत्ता आहेत, माझ्याही आहेत. ते बाहेरच्या हवेतून, भाजीबरोबर, चपलांबरोबर येतात. त्यांना खायला भिंतीवरची धूळ, रंगातला चिकट पदार्थ, प्लायवूड, पुठ्ठा, कपड्यांचे तंतू, काहीही चालतं. आपल्याला मानवणारं तापमान त्यांनाही मानवतं. एकच गोष्ट घरात नसते, ती म्हणजे ओल. भिंतीच्या पृष्ठभागाशी आर्द्रता ७५-८० टक्क्यांच्या वर सतत राहिली की बीजाणू रुजतात. पूर्ण भिजलेल्या पुठ्ठ्यावर किंवा प्लायवर तर त्यांना चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पुरतात. म्हणून हा लेख बुरशीविषयी कमी आणि पाण्याविषयी जास्त आहे. डाग हा पत्ता आहे, राहणारं पाणी आहे.

नावं ओळखीची वाटतील. क्लॅडोस्पोरियम, अल्टर्नेरिया, ॲस्परजिलस, पेनिसिलियम. शेवटच्या नावाच्या कुळातूनच पेनिसिलिन आलं. हवेतले बीजाणू टिपण्याचं काम आपल्याकडेही झालं आहे. औरंगाबादला एस. टी. टिळक यांनी त्यासाठी यंत्र तयार केलं, ते ‘टिळक एअर सॅम्पलर’ म्हणून ओळखलं जातं. मात्र घरोघरी हवा मोजून घेण्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही ‘इतके बीजाणू चालतील’ असा आकडा दिलेला नाही. ओल दिसली, वास आला, की दुरुस्त करा, इतकंच त्यांचं म्हणणं. कुणी हवेच्या चाचणीचे हजारो रुपये मागत असेल तर ते गवंड्याला द्यावेत.

आणि एक भीती इथेच काढून टाकू. ‘काळी बुरशी’ म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसाला २०२१ चा उन्हाळा आठवतो. कोविडनंतरचा म्युकरमायकोसिस, जबड्याच्या शस्त्रक्रिया, इंजेक्शनसाठीची धावाधाव. भिंतीवरचे काळे डाग आणि तो आजार यांचा मेळ घालू नका. तो आजार वेगळ्या कुळातल्या बुरशीचा, आणि प्रामुख्याने अनियंत्रित मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती ढासळलेल्या माणसांना गाठणारा. ‘काळ्या’ बुरशीची धास्ती अमेरिकेनेही एकदा घेतली होती. १९९३-९४ मध्ये क्लीव्हलंड शहरात काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसात रक्तस्राव झाला आणि संशय घरातल्या स्टॅकिबॉट्रिस नावाच्या काळ्या बुरशीवर गेला. २००० साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तो तपास पुन्हा चाळला आणि पुरावा तितका भक्कम नसल्याचं कबूल केलं. डागाचा रंग बघून घाबरायचं काही नाही. दम्याचा प्रश्न रंगाचा नाहीच.

आता पाणी कुठून आलं ते बघू. यात मला सगळ्यात जास्त रस आहे, आणि गोंधळही सगळ्यात जास्त इथेच होतो.

आपल्याकडे म्हण आहे, वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही. छपराच्या कडेचं पाणी उलटं वर चढणार नाही, जगाची रीत बदलणार नाही, असा तिचा अर्थ. ती रचली गेली तेव्हाची घरं वळचणीची होती. उतरतं छप्पर भिंतीच्या दोन-तीन हात पुढे यायचं, पागोळ्या भिंतीपासून लांब पडायच्या. कोकणात तर पावसाळ्याआधी मातीच्या भिंतींना झापांचा आडोसा बांधायचे, कारण पाऊस नुसता वरून पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. भिंतीला दरवर्षी चुन्याचा हात मिळायचा. चुना इतका जहाल अल्क असतो की ताज्या चुन्यावर बुरशी धरत नाही, आणि त्यातून भिंतीतली वाफ बाहेरही पडते. जुनी घरं कोरडी होती असा माझा दावा नाही. शेणाच्या जमिनीच्या घरात वाढलेल्या कुणालाही विचारा. पण पाऊस भिंतीला लागू द्यायचा नाही, ही अक्कल त्या घरांत होती.

पालेगावातल्या टॉवरला वळचण नाही. छज्जे नावाला. चटईक्षेत्राच्या हिशेबात भिंत सरळ खाली उतरते आणि नैर्ऋत्येचा पाऊस तिच्यावर चार महिने थडाथड आदळतो. ठाणे जिल्ह्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. बाहेरच्या गिलाव्याला केसाएवढी चीर असली तरी पुरते. काँक्रीटचा बीम आणि त्याखालचं ब्लॉकचं बांधकाम यांचा सांधा, खिडकीची चौकट, एसीच्या पाइपासाठी पाडलेलं आणि नीट न बुजवलेलं भोक, या पाण्याच्या नेहमीच्या वाटा. आत शिरलेलं पाणी जमिनीच्या पातळीला येतं, आणि तिथून काय करतं? वर चढतं. विटेला, सिमेंटला केसासारखी सूक्ष्म छिद्रं असतात, दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं त्यातून पाणी चढतं. म्हण या एका ठिकाणी हरली.

नव्या इमारतीला आणखी एक लपलेला स्रोत असतो. काँक्रीट, गिलावा, पुट्टी यांत ओतलेलं पाणी. ते निघून जायला महिने लागतात, जाड कामाला वर्षही. पझेशनच्या घाईत ओल्या भिंतीवर वरून चकचकीत प्लॅस्टिक रंग चढतो आणि पाणी कोंडलं जातं. मग फुगे, पोपडे. लोक म्हणतात रंग हलका वापरला. बिचारा रंग!

सगळाच पांढरेपणा बुरशीचा नसतो, हेही सांगायला हवं. भिंतीवर कापसासारखं पांढरं फुललं असेल तर तो बहुधा लोणा, म्हणजे भिंतीतल्या क्षारांचे स्फटिक. त्यावर पाण्याचा थेंब सोडा. विरघळला तर लोणा, चिकट होऊन पसरला तर बुरा. लोण्याने दमा होत नाही, पण पाणी आलं होतं याची ती सही असते.

शेजारच्या गावांची ओल वेगळी आहे. उल्हासनगर दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत वसलं. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथे आले आणि १९४९ मध्ये शहराला हे नाव मिळालं. बराकी वाढत गेल्या, त्यांच्या जागी दाटीवाटीने इमारती आल्या, दोन इमारतींमध्ये ऊन शिरायला जागा उरली नाही. मे २०२१ मध्ये तिथे दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं दगावली. स्लॅब गळतो, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. तोच गळका स्लॅब खालच्या घरातल्या मुलाच्या छातीला आधी त्रास देत असतो, पण त्याची बातमी होत नाही. बदलापूरला प्रश्न उल्हास नदीचा. २६ जुलै २००५ चा पूर, २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली तो पूर, पुन्हा २०२१. पाणी दोन दिवसांत ओसरतं. तळमजल्याच्या भिंतीत शिरलेलं पाणी मात्र थंडीपर्यंत मुक्काम करतं, आणि गाद्या तर तशाच वाळवून पुन्हा वापरल्या जातात.

मुलांनाच का? सहा वर्षांच्या मुलाची श्वासनळी मोठ्या माणसाच्या तुलनेत बारीक. नळीचा व्यास निम्मा झाला की हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. मोठ्याच्या नळीला थोडी सूज आली तर खोकल्यावर भागतं, तेवढ्याच सुजेने मुलाचा भाता चालायला लागतो, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. शिवाय वजनाच्या मानाने मूल मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेतं, झोपतंही जास्त, आणि ज्या खोलीत झोपतं तीच हवा रात्रभर.

ॲस्परजिलस-पेनिसिलियमचे बीजाणू दोन-चार मायक्रॉनचे, सरळ खालच्या नळ्यांपर्यंत जातात. त्यांच्या आवरणातली प्रथिनं काही मुलांच्या शरीराला शत्रू वाटतात आणि ॲलर्जी जागी होते. ॲलर्जी नसलेल्यांतही बुरशीच्या पेशीभिंतीतलं ग्लुकन आणि तिने सोडलेले वायू नळ्यांना चुरचुरवतात. आणि बुरशी एकटी कधी नसते. ओल आली की धुळीतले सूक्ष्म कोळी, म्हणजे डस्ट माइट्स, गाद्यांमध्ये माजतात, झुरळं वाढतात. दम्याच्या ॲलर्जीत या मंडळींचा वाटा बुरशीपेक्षा मोठा असू शकतो. म्हणून नेमका गुन्हेगार कोण हे ठरवता आलं नाही तरी चालतं. सगळे एकाच पाण्यावर जगतात.

हा संबंध जुना आहे. इंग्लंडचे वैद्य जॉन फ्लॉयर स्वतः दम्याचे रुग्ण. दम्यावरच्या त्यांच्या १६९८ च्या ग्रंथात वाइनच्या तळघरात गेल्यावर उसळलेल्या दम्याची नोंद आहे. पण मला सगळ्यात पटलेला अभ्यास फिनलंडमधला. एस्पू शहरात सुमारे १९०० लहान मुलांच्या घरांची माहिती आधी घेतली, मग सहा वर्षं मुलांवर लक्ष ठेवलं. सुरुवातीला ज्या घरात बुरशीचा वास येतो असं आईवडिलांनी सांगितलं होतं, तिथल्या मुलांना पुढे दमा होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. डाग दिसण्यापेक्षा वास येणं हा जास्त नेमका इशारा ठरला. कारण सरळ आहे. डाग कपाटामागे असतो, वास खोलीत असतो. २०१२ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला तेव्हाही वासच पुढे होता. तेव्हा पाहुण्यांनो, बोलत चला.

इथे थोडं सावरून घेते, नाहीतर उद्या प्रत्येक खोकल्याचं खापर भिंतीवर फुटेल. पाच वर्षांखालच्या कितीतरी मुलांच्या छातीत सर्दीच्या विषाणूने घरघर होते आणि मोठी झाल्यावर ती थांबते. दम्यात आनुवंशिकता आहे, धूर आहे, रस्त्याची धूळ आहे. पालेगावात तर रात्री कारखान्यांकडून उग्र वास आला की लोक खिडक्या लावून घेतात, आणि मग आतली ओल आतच राहते. दोन्हीकडून कोंडी. ज्या मुलाला दमा आहे त्याला ओलीत त्रास वाढतो, याविषयी मात्र वाद उरलेला नाही.

आणि ओल काढल्यावर त्रास कमी होतो का? हे तपासायला अमेरिकेत पुन्हा त्याच क्लीव्हलंडमध्ये प्रयोग झाला, २००६ साली तो प्रसिद्ध झाला. दमेकरी मुलांची ६२ ओली घरं घेतली. सगळ्यांना दम्याचे उपचार आणि सल्ला सारखा, निम्म्या घरांची मात्र गळती दुरुस्त केली, बुरशी लागलेलं सामान काढलं. दुरुस्तीनंतर त्या २९ मुलांपैकी एकालाच तातडीच्या उपचारांची वेळ आली, दुसऱ्या गटात ३३ पैकी ११ जणांना. छोटा प्रयोग आहे, पण प्लंबरने डॉक्टरच्या बरोबरीने काम केल्याचं उदाहरण म्हणून मला तो आवडतो.

दुसरं उदाहरण सांगताना जड जातं. इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा गेला. घरात बुरशी होती, वडील २०१७ पासून तक्रार करत होते, त्यांना वरून रंग द्यायला सांगितलं गेलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने झालेल्या श्वसनविकाराने मृत्यू झाल्याचं स्पष्ट नोंदवलं. त्यातून त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला. ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक गृहसंस्थांना धोकादायक ओलीची तक्रार दहा कामाच्या दिवसांत तपासणं बंधनकारक आहे, तातडीची असेल तर चोवीस तासांत. वरून रंग द्या, हा सल्ला आपल्याकडे किती जणांनी ऐकलाय?

आपल्याकडची पहिली अडचण भिंतीच्याही आधीची आहे. ‘दमा’ हा शब्दच घरात चालत नाही. बाळदमा म्हणतात, ॲलर्जिक खोकला म्हणतात, मुलगी असेल तर त्याहून हळू म्हणतात. २०१७-१८ मध्ये पुण्यासह देशातल्या नऊ केंद्रांत मुलं आणि त्यांचे पालक यांची मोठी पाहणी झाली. सहा-सात वर्षांच्या मुलांत दम्याचं प्रमाण तीन टक्क्यांच्या थोडं वर निघालं. त्याहून बोलका आकडा दुसरा: छातीत शिट्टी वाजणाऱ्यांपैकी ८२ टक्के लोकांना दम्याचं निदानच झालेलं नव्हतं, आणि सूज आटोक्यात ठेवणारा पंप रोज घेणारे अडीच टक्क्यांहूनही कमी. पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय आहे, असं अजूनही वडीलधारे सांगतात. खरं म्हणजे पंपातून मायक्रोग्रॅममध्ये औषध थेट नळीत जातं, गोळी किंवा सिरप मिलिग्रॅममध्ये सगळ्या शरीरात. लहान मुलांना पंप स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावूनच द्यावा. निळा पंप धाप लागल्यावर लगेच आराम देणारा, दुसरा सूज कमी करणारा आणि रोजचा. निळाच वारंवार लागत असेल तर आजार आटोक्यात नाही असं समजून डॉक्टरांकडे जावं. मूल एका दमात वाक्य पुरं करू शकत नसेल, बरगड्या आत ओढत असतील, ओठ निळसर दिसत असतील तर घरी वाफ देत बसू नये. अंबरनाथचं छाया रुग्णालय असो की उल्हासनगरचं मध्यवर्ती, जवळचं गाठावं.

आता घरातल्या गोष्टी. ओलीवरचा इंग्रजी सल्ला वाचायला मिळतो, ‘खिडक्या उघडा, घर उबदार ठेवा’. तो थंड देशांचा आहे. तिथे बाहेरची हवा कोरडी असते. आपल्या जुलैत बाहेरची आर्द्रताच ८५-९० टक्के, खिडकी उघडून भिंत वाळेल कशी? उघडीप असेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखा लावावा, मुसळधार असताना नाही. एसी असेल तर ‘ड्राय’ मोड हवेतलं पाणी ओढतो. पण एसी वीसवर ठेवून खिडकी किलकिली ठेवली तर उलटं होतं: पावसाळ्यात बाहेरची हवा साधारण पंचवीस अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर घाम सोडते. थंड पाण्याच्या तांब्यावर येतो तसाच तो भिंतीवर येतो.

कपडे हा सर्वात नाजूक विषय. मशीनमधून पिळून निघालेले चौघांचे कपडे बेडरूममध्ये दोरीवर वाळले म्हणजे लिटर-दोन लिटर पाणी त्या खोलीच्या हवेत गेलं. फ्लॅटमध्ये ड्राय बाल्कनी काचा लावून खोलीला जोडलेली असते, मग वाळवायचे कुठे? मी सुचवलं: मुलाच्या झोपायच्या खोलीत नको, हॉलमध्ये पंख्याखाली. बहिणीने पाहुण्यांचा मुद्दा काढला. पाहुणे पावसाळ्यात येतात तरी किती?

डाग फार मोठा नसेल, अर्ध्या दारापेक्षा लहान असेल, तर घरीच पुसता येतो. मास्क, हातमोजे, मूल दुसऱ्या घरी. साबणाच्या पाण्यात फडकं ओलं करून पुसायचं. कोरड्या झाडूने खरवडलं तर बीजाणू खोलीभर उडतात. भिजून भुसभुशीत झालेलं पीओपी किंवा प्लाय पुसून सुधारत नाही, काढून टाकावं लागतं. आणि बाथरूम धुवायचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र वापरू नका. त्यातून क्लोरीन निघतो. बुरशीने जे वर्षभरात केलं नसेल ते तो दोन मिनिटांत करतो.

पण पुसणं म्हणजे बरणीतला बुरा काढून चमचा तसाच ओला ठेवणं. चमचा कुठला ते शोधायला बहिणीकडे एक वयस्कर गवंडी आले. त्यांनी भिंतीला हात लावला, टकटक केली आणि खिशातून पेन्सिल काढून ओलीच्या कडेने रेघ ओढली, बाजूला तारीख लिहिली. कोपऱ्याच्या पलीकडे बाथरूम होतं, त्यामुळे संशयित दोन. श्रावणातल्या उघडिपीचे चार दिवस धरून त्यांनी नहाणी ट्रॅपला फडकं कोंबलं, बाथरूममध्ये बोटभर पाणी भरलं आणि रात्रभर ठेवलं. रेघ हलली नाही. दोन दिवसांनी नैर्ऋत्येचा वारा सुटून पाऊस आला. सकाळी ओल रेघेच्या चार बोटं वर. बाथरूम सुटलं, बाहेरची भिंत सापडली. या चाचणीला एक पेन्सिल आणि थोडा धीर, इतकंच लागलं.

मग प्रश्न आला, भिंत कुणाची? मराठी माणूस याच पायरीवर दमतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाची गळती, गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप यांची दुरुस्ती संस्थेने करायची. सभासदाच्या स्वतःच्या संडास-बाथरूमची गळती सभासदाने. वरच्या काकूंशी जिन्यात भांडण्याआधी पेन्सिलीची रेघ ओढून बघावी ती याचसाठी. पालेगावात कित्येक इमारतींची सोसायटीच अजून झालेली नाही, देखभाल बिल्डरकडेच. अशांसाठी रेरा कायद्याचं कलम १४ आहे: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निदर्शनास आणून दिला तर बिल्डरने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा. फोनवर नव्हे, लेखी, फोटो आणि तारखांसह. बहिणीच्या बिल्डरच्या माणसाने “पावसाळा संपू दे, मग बघू” म्हटलं होतं. त्यात अर्धं सत्य आहे. बाहेरची चीर ओल्या भिंतीत भरता येत नाही, दोरीवर लटकून काम करणारी माणसं ऑक्टोबरलाच येतात. पण पत्र आत्ताच द्यायचं असतं. भिंतीवर ओल्या-कोरड्या तारखांच्या पाच रेघा जमल्या होत्या, त्यांचा फोटो पत्राला जोडला.

कपाट आता भिंतीपासून वीतभर पुढे उभं आहे आणि खोलीत चालायला जागा नाही. भाच्याची गादी हॉलमध्ये आली. सकाळ-संध्याकाळ स्पेसर लावून पंप चालू आहे, डॉक्टर म्हणेपर्यंत चालू राहील.

परवा रात्री जोराची सर आली. सकाळी सातला बहिणीचा फोन. “रेघ ओलांडली गं, दोन बोटं.”

“आणि हा?”

“झोपलाय अजून. शाळेला उशीर झालाय, उठवतेय.”

(पुढील लेखांक : गादी, उशी आणि त्यांतले रहिवासी)